धाकू सुकाणीची अष्टमी

समुद्र कोणालाही विसरत नाही. हे वाक्य न्यूझीलंडातल्या वैरारापाच्या किनाऱ्यावरच्या एका बारच्या दारावर कोरलेलं आहे, आणि त्याच्या खालीच खडूने लिहिलेलं असतं की गुरुवारी माशावर चिप्स फुकट. बारचं नाव ‘किलब्राइड’. त्याच नावाची आगबोट तिथून काही मैलांवर, तीस एप्रिल एकोणीसशे चारच्या पहाटे पाचच्या सुमाराला खडकावर आपटून फुटली. एकाहत्तर माणसं गेली. कॅप्टन आणि चार गोरे अधिकारी तेवढे एका होडीतून किनाऱ्याला लागले आणि दोन दिवस चालत एका मेंढपाळाच्या घरी पोचले. न्यूझीलंडात ‘किलब्राइड’ माहीत नाही असा माणूस सापडत नाही. शाळेतली मुलं तिच्यावर प्रोजेक्ट करतात. तिचं चित्र असलेला बिस्किटांचा डबा मिळतो.

चौकशी तीन दिवस चालली. निकाल असा लागला की पुरी भरती होती, लख्ख चांदणं होतं, कॅप्टनने आखलेल्या वाटेवर पाणी भरपूर होतं, पण चाकावरच्या नेटिव्ह सुकाणीने घाबरून चाक भलतीकडे फिरवलं. पाचही वाचलेल्यांची साक्ष अगदी जुळली. बाकीच्या एकाहत्तर जणांची साक्ष काढता आली नाही. पुढे किनाऱ्यावरच्या एका मोठ्या खडकावर पितळी पाटी बसवली, त्यात ‘नेटिव्ह सुकाणीच्या हलगर्जीपणामुळे’ असे शब्द घातले, आणि प्रकरण मिटलं.

हा सुकाणी म्हणजे धाकू चोगले, राहणार हर्णै. त्याचा पणतू रवींद्र वेलिंग्टनला जॉन्सनव्हिलमध्ये माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. पावसाचं पाणी शहराच्या गटारांतून किती वेळात वाहून जाईल, हे सांगणाऱ्या सॉफ्टवेअरवर तो काम करतो. वेलिंग्टनच्या पावसामुळे त्याची नोकरी पक्की आहे.

दोन हजार पाच साली आई गेल्यावर रवींद्रने वडिलांना, म्हणजे तुकारामकाकांना, इकडे आणलं. काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मुंबई बंदरात ड्रेजरवर चौतीस वर्षं पंप सांभाळून निवृत्त झालेले. जॉन्सनव्हिलमध्ये त्यांना करण्यासारखं काही नव्हतं. ते दिवसभर खिडकीत बसून वारा बघायचे. वेलिंग्टनला वारा दिसतो.

“काका, बोटीवर कधी सुकाणूला होतात का?” मी एकदा सहज विचारलं.

“छे. चोगल्याच्या हातात सुकाणू कोण देईल?”

“म्हणजे?”

“आमच्या आज्याने बोट घातली ना खडकावर. कंपनीने पत्रात तसं लिहून कळवलं, ते गावभर झालं. माझ्या बापाला होडीत फक्त वल्ह्यावर घेत. मी मुंबईला गेलो तर तिथला सारंग, खलाशांचा मुकादम, दाभोळचा निघाला. त्याला ठाऊक. आता ड्रेजर कुठे जातो सांग. जागच्या जागी उभा राहून गाळ उपसतो. तरी नाही दिलं.”

हे ते तक्रारीच्या सुरात म्हणाले नाहीत. चहात साखर कमी आहे म्हणून सांगावं, तसं म्हणाले. पण रवींद्र पलीकडे भांडी पुसत होता, आणि तो हातातली बशी बराच वेळ पुसत राहिला.

त्याच आठवड्यात त्याने जॉन्सनव्हिलच्या लायब्ररीतून ‘किलब्राइड’वरचं एकोणीसशे एकसष्ट सालचं एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यात नकाशा होता, पाटीचा फोटो होता, आणि फोटोखाली ती कुठे आहे त्याचं वर्णन होतं. काकांनी भिंग लावून पाटी वाचली. इंग्रजी त्यांना बेताचं यायचं, पण ‘नेटिव्ह’ हा शब्द त्यांनी लगेच ओळखला.

“ही बदलतील का रे?” त्यांनी विचारलं.

“पुरावा दिला तर बदलतील.”

“मग बघ जमलं तर. मी आहे तोवर.”

पुढची दोन वर्षं रवींद्रच्या घरात दुसरा विषय निघाला नाही.

पुरावा मिळाला तो सप्टेंबरात, पितृपक्षात. रवींद्रची बायको सुचित्रा हिने सगळा स्वयंपाक करून धाकूच्या नावाचं पान घरामागच्या लाकडी डेकवर ठेवलं. न्यूझीलंडात आपला कावळा नाही, त्यामुळे तिथले पितर सीगलवर भागवतात. सीगलने वडा उचलला, काकांनी हात जोडले, आणि रवींद्र एकदम म्हणाला, “बाबा, आज काय आहे?”

“अष्टमी. आज्याचा म्हाळ अष्टमीलाच असतो. माझ्या आधीपासून.”

“म्हणजे धाकू पणजोबा अष्टमीला गेले?”

“तिथी अष्टमी म्हणजे अष्टमीलाच गेले असणार. दशमीला कशाला जातील?”

रवींद्र उठला आणि कॉम्प्युटरपाशी गेला. म्हाळाला महिना आणि पक्ष बघत नाहीत, तिथी तेवढी बघतात, हे सगळ्यांना माहीत असतं. तीस एप्रिल एकोणीसशे चारला वैशाखी पौर्णिमा होती. तिच्या आधीची अष्टमी सात दिवस अलीकडे, तेवीस एप्रिलला. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. म्हणजे पहाटे पाचला काळोख. चांदणं नव्हतंच! आणि तिथी बदलली की भरतीची वेळही बदलते.

“कॅप्टनने तारीख खोटी सांगितली,” संध्याकाळी माझ्याकडे येऊन रवींद्र म्हणाला. दारातच. जोडेही न काढता. “अंधारात, ओहोटीला, वेळ वाचवायला त्याने बोट किनाऱ्याच्या जवळून काढली. मग आठवडाभर लपून बसले आणि पौर्णिमा आल्यावर बाहेर आले.”

“आठवडाभर खाल्लं काय?”

“मेंढपाळाच्या बायकोची डायरी आहे, विवेक. ती लिहिते, माणसं अगदी खंगलेली होती आणि दाढ्या वाढलेल्या. दोन दिवसांत दाढी वाढते का?”

पुस्तकात कॅप्टनचा बोट सुटण्यापूर्वीचा फोटो होता. त्यात त्याची दाढी छातीपर्यंत होती. मी ते पान उघडून दाखवलं. रवींद्रने ते पाहिलं आणि पान उलटलं.

“पण हर्णैला खरी तिथी कळली कशी?”

“एखादा खलाशी वाचून गावाला परत आला असणार. त्याने गपचूप सांगितलं असणार.”

संशोधनात ‘असणार’ या शब्दाचा फार आधार असतो. शिवाय खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. चांदणं आणि भरती दोन्ही एकाच तारखेला मिळत असतील तर अडचणीतला माणूस ती तारीख घेणारच.

मग गणित सुरू झालं. रवींद्रने गटारांसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर समुद्राला लावलं. दर शनिवारी सकाळी काका त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बसायचे. शाल, कानटोपी, पायात नातीने दिलेल्या जँडल, म्हणजे रबरी सपाता. पडद्यावर निळ्या-हिरव्या पट्ट्या सरकायच्या. तीन आठवडे मशीन चाललं, आणि रवींद्रने जाहीर केलं की तीस एप्रिलला पुरी भरती पहाटे चार एक्कावन्नला होती.

“पावणेपाच,” काका म्हणाले.

“काय?”

“तिथीची पाऊणपट करायची. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हर्णैची भरती सव्वाअकराला. इथली साडेपाच तास पुढे असते, ते मी तुझ्या पेपरातल्या तक्त्यात बघितलंय. सव्वाअकरा आणि साडेपाच, पावणेपाच.”

तेव्हा अकरा वर्षांची असलेली त्यांची नात ओवी टोस्ट खात उभी होती. “आजोबा, दॅट्स हीप्स क्लोज,” ती म्हणाली, म्हणजे फारच जवळ. तिला मराठी सगळं कळतं. उत्तर ती इंग्रजीत देते.

“आणि अष्टमीला?” रवींद्रने विचारलं. त्याच्याकडे उत्तर होतं, तरी विचारलं.

“आठाची पाऊणपट सहा. साडेपाच घाल. साडेअकराला भरती. म्हणजे पाचच्या सुमाराला सुकती. खडक उघडे.” काकांनी डोळे मिटले. “सुकतीला, काळोखात, एवढी मोठी आगबोट काठाकाठाने न्यायची, आणि मेलेल्या माणसावर ढकलायचं.”

सुकतीची वेळ मशीन पाच तेरा म्हणत होतं.

बापलेक एकमेकांशी एवढं बोलताना मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. रवींद्र अठराव्या वर्षी हॉस्टेलवर गेला, तिथून पुण्याला नोकरी, तिथून इकडे. वडिलांशी त्याचं बोलणं म्हणजे पैसे पोचले का आणि गुडघा कसा आहे. आता शनिवारची सकाळ दुपारपर्यंत लांबायची. सुचित्रा जेवायला हाका मारून दमायची. “एकशे दोन वर्षांपूर्वी बुडाली ना बोट? आमटी आत्ता निवतेय,” ती म्हणायची.

त्या किनाऱ्यावर मात्र दोघं कधी गेले नाहीत. गाडी जाते तिथून पुढे वाळूतून दोन तास चालावं लागतं आणि काकांचे गुडघे दहा मिनिटांचे होते. रवींद्र एकटा जाऊ शकला असता. “बाबांना घेऊनच जायचं,” असं तो म्हणत राहिला. नवीन पाटी लागेल तेव्हा वाळूतून जाणाऱ्या क्वाड बाइकची सोय करू, असं ठरलं.

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत अहवाल तयार झाला. चाळीस पानं, अकरा आलेख. इंग्रजी मी तपासून दिलं. स्थानिक कौन्सिलच्या वारसा समितीकडे तो गेला आणि जुलैत समितीने रवींद्रला बोलावलं. समितीत एक निवृत्त कॅप्टन होता. त्याने आलेख बारकाईने पाहून सांगितलं की भरतीच्या गणितात काडीची चूक नाही, आणि ते खरंच होतं. राहिला तिथीचा प्रश्न. चोगले कुटुंबाने ही तिथी शंभर वर्षं जपली आहे असं रवींद्रने सांगितल्यावर समितीचे सगळे सदस्य हळूच मान झुकवून बसले. त्यांनी तिला ‘मौखिक परंपरा’ म्हणून मान्यता दिली. दुसऱ्यांच्या परंपरेबद्दल उलट प्रश्न विचारणं असभ्य असतं. त्यामुळे ही तिथी नेमकी कशाची, असं कोणीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं अशा माणसांत मीही होतो.

नंतर मजकुराचे तीन मसुदे झाले. अक्षरांचा आकार ठरला. स्थानिक माओरी वडीलधाऱ्यांचं मत घेण्यात आलं. जुन्या पाटीतला ‘नेटिव्ह’ शब्द काढण्यावर पहिल्याच बैठकीत एकमत झालं, आणि तो शब्द काढायलाच एवढा वेळ का लागला याबद्दल समितीने स्वतःची माफी मागितली. ‘हलगर्जीपणा’बद्दल मतभेद होते. ते मिटायला आणखी वर्ष गेलं.

दोन हजार आठच्या हिवाळ्यात काकांची छाती भरली. हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा सगळ्यांना कळलं होतं की कशासाठी आणलंय. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. एका मंगळवारी कौन्सिलचं पत्र आलं. रवींद्र ऑफिसचा कोट न काढता वडिलांच्या पलंगावर बसला आणि त्याने ते वाचलं. ‘कियोरा रवींद्र’ या माओरी नमस्कारापासून शेवटपर्यंत.

“म्हणजे काय?” काकांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

“मंजूर झालं, बाबा. पाटी बदलणार.”

“काय लिहिणार?”

“‘अलीकडच्या संशोधनानुसार, सुकाणी धाकू चोगले यांच्याकडे या दुर्घटनेचा दोष जात नाही.’”

“नाव घातलं?”

“घातलं.”

“सुकाणी म्हणून?”

“सुकाणी धाकू चोगले.”

काकांनी चादरीवरचे दोन्ही हात उचलले, एकमेकांपासून हातभर अंतरावर धरले, जरासे डावीकडे नेले, आणि परत खाली ठेवले. सुचित्रा उठून स्वयंपाकघरात गेली.

शनिवारी सकाळी सहाला ते गेले.

आपल्याकडे माणूस गेल्यावर रडायला लगेच वेळ मिळत नाही. आधी तिथीचा प्रश्न सोडवावा लागतो. वेलिंग्टनला शनिवार उजाडत होता, हर्णैला अजून शुक्रवारची रात्र होती. इथल्या पंचांगाप्रमाणे एक तिथी, तिथल्या पंचांगाप्रमाणे दुसरी. रवींद्रने दुपारी हर्णैला आनंदीआत्याला फोन लावला. काकांची धाकटी बहीण, वय चौऱ्याहत्तर. फोन स्पीकरवर होता. आधी दोघं रडले. मग रवींद्रने विचारलं.

“आत्या, तिथी कुठली धरू? इथली की तिथली?”

“तू होतास ना जवळ? मग तुझी तिथलीच धर. जवळ कोणी नसेल तर कळलं तो दिवस धरतात.”

“कळलं तो दिवस?”

“मग? परदेशात, दर्यात माणूस गेला तर कसं कळायचं कुठल्या दिवशी गेला? कागद आला ती तिथी. आमच्या आज्याची नाही का तशीच धरली. श्रावणात कागद आला कंपनीचा. कृष्णजन्माची तयारी चाललेली, आणि पोस्टमन दारात. म्हणून अष्टमी.”

रवींद्रने फोन हातात घेतला, पण स्पीकर बंद करायचं त्याला सुचलं नाही.

“आत्या, हे तुला कोणी सांगितलं?”

“सांगायचं काय त्यात? म्हाळाचं जेवण मी रांधते, मला ठाऊक असणारच. माझी आजी सांगायची. तिने त्या वर्षापासून गोकुळाष्टमीला दहीकाला केला नाही.”

“बाबांना माहीत होतं?”

पलीकडे आत्याने नाक पुसलं. “कोण जाणे बाबा. बापये कधी विचारतात? पान वाढलं की बसतात.”

रवींद्रने ते गणित सोमवारी केलं, वडिलांना पोचवून आल्यावर. तीस एप्रिलला बोट फुटली. चौकशी, कंपनीचं मुंबईचं ऑफिस, तिथून टपाल. श्रावण वद्य अष्टमी म्हणजे सप्टेंबरचा पहिला आठवडा. चार महिने. सगळं बिनचूक जमत होतं. कॅप्टन खोटं बोलला असं म्हणायला आता काहीही उरलं नव्हतं. तो खरं बोलला असं म्हणायलाही काही नव्हतं, पण जुनी पाटी त्याच्या बाजूने होती.

“मी अहवाल मागे घेतोय,” तो मला म्हणाला.

“वेडा आहेस का? ओतलीसुद्धा असेल पाटी. राहू दे.”

“पौर्णिमा असेल तर चांदणं होतं, विवेक. भरती होती.”

“आणि तरी चूक कॅप्टनची असू शकते. पाच जण वाचले आणि पाचही साहेब. तेवढं पुरेसं नाही?”

“ते तुला-मला पुरेसं आहे. मॉडेल मी अष्टमीवर चालवलंय.”

“तुझ्या बापाने किती सुखाने डोळे मिटले, बघितलंस ना?”

“म्हणून तर,” रवींद्र म्हणाला. “ते खोटं त्यांच्यापुरतं होतं. त्यांनी ते नेलं. आता ते कांस्यात ओतून दगडावर लावायचं, आणि उद्या ओवीने शाळेत त्यावर प्रोजेक्ट करायचं?”

त्याने त्याच दिवशी पत्र लिहिलं. चार ओळी. ‘माझ्या अहवालाचा पाया असलेली तिथी मृत्यूची नसून मृत्यूची बातमी पोचल्याची आहे, असे आता समजले आहे. माझे निष्कर्ष मी मागे घेत आहे.’

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. कौन्सिल चोगले कुटुंबाच्या दुःखात सहभागी होतं. पत्र नोंदवून घेण्यात आलं होतं. मात्र मजकूर रीतसर मंजूर झाला असल्याने त्याचा फेरविचार आता ठरलेल्या आढाव्यात, म्हणजे दोन हजार तेरा साली होईल. पाटी तयार आहे.

नोव्हेंबरात टेरी नावाच्या माणसाचा फोन आला. पाटी बसवण्याचं काम त्याच्याकडे होतं. कौन्सिलच्या फाइलमध्ये जागेचा जो नकाशा आहे तो रवींद्रच्याच अहवालातला आहे, तेव्हा जागा दाखवायला याल का? रवींद्रने तो नकाशा एकसष्टच्या पुस्तकातून घेतला होता. तो हो म्हणाला. तिथे जाऊन काय करणार, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. ओवी हट्टाने बरोबर आली.

रविवारी आम्ही चौघं वाळूतून चालत होतो. टेरीच्या खांद्यावर ड्रिल, रवींद्रच्या हातात गोणपाटात गुंडाळलेली पाटी. ती टेरीच उचलणार होता, पण रवींद्रने मागून घेतली. बारा किलोचं वजन असेल. त्याने वाटेत ती कोणाकडे दिली नाही. समुद्र करड्या रंगाचा होता आणि वारा नेहमीसारखा. दोन तासांनी रवींद्र एका वळणावर थांबला, त्याने नकाशा पाहिला, डोंगराकडे पाहिलं, परत नकाशा पाहिला.

तिथे खडक नव्हता. डोंगराचा एक तुकडा कापून नेल्यासारखा नाहीसा होता आणि खाली नुसते गोटे होते.

आम्ही अर्धा तास मागेपुढे शोधलं. मग क्वाड बाइकवरून एक म्हातारा शेतकरी आला. कुत्रा मागे बसलेला. टेरीने त्याला विचारलं.

“पाटीचा खडक? दरडीबरोबर गेला की समुद्रात,” म्हातारा म्हणाला. “बरीच वर्षं झाली.”

“पाटीसकट?”

“पाटीला वेगळं कसं सोडेल तो?”

टेरीने टोपी मागे सारली आणि इकडेतिकडे पाहिलं. “हे बघ मित्रा, एवढ्या लांब आलोय. तो पलीकडचा दगड चांगला आहे. तिथे ठोकू का? कोणाला काय कळणार?”

ओवीने पाटीवरचं गोणपाट बाजूला केलं होतं आणि ती वाचत होती. “बाबा, इट्स गॉट हिज नेम,” ती म्हणाली. मग मराठीत म्हणाली, “लावू या ना.”

रवींद्र गुडघ्यावर बसला. त्याने नावावरून एकदा अंगठा फिरवला. वाळू काढावी तसा. मग गोणपाट परत नीट गुंडाळलं.

“नको,” तो टेरीला म्हणाला. “परत ने.”

“स्वीट अ‍ॅज,” टेरी म्हणाला, म्हणजे ठीक आहे.

परत येताना भरती लागली म्हणून आम्हाला वरच्या अंगाने यावं लागलं. रवींद्र मध्येच एकदा थांबला, पाण्याकडे तोंड करून. ओवी त्याच्या कोटाच्या खिशात हात घालून उभी राहिली. मी आणि टेरी पुढे चालत राहिलो.

टेरीने फॉर्मवर ‘जागा उपलब्ध नाही’ असं लिहिलं. ती दरड काका इकडे येण्याच्या सहा वर्षं आधीच, चौदा जून एकोणीसशे नव्व्याण्णवला कोसळली, अशी नोंद त्याच कौन्सिलच्या रस्ते विभागात आहे.